निकाल द्या, पण कारणासह

महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा भरवायची ठरली की आधी प्रमुख पाहुण्यांचं नाव निघतं, मग फिरत्या करंडकाचं, मग जेवणाचं. परीक्षक कोण, हा विषय बहुधा शेवटच्या आठवड्यात येतो आणि दोन-तीन फोनांत आटोपतो. हा क्रम उलटा करायला हवा, असं माझं ठाम मत आहे. हरलेल्या जोडीला आपण का हरलो हे त्याच खोलीत, त्याच तासात कोणीतरी नीट सांगितलं, तर ती जोडी पुढच्या फेरीत सुधारून बोलते. नुसता क्रमांक पुकारला आणि टाळ्या वाजल्या, तर वर्षभर 'परीक्षक आपले नव्हते' एवढंच डोक्यात राहतं. स्पर्धेची सगळी आखणी या एका गरजेभोवती कशी करायची, ते इथे सांगतो.

आपल्याकडच्या बहुतेक आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा साचा ठरलेला आहे. एका महाविद्यालयाचे दोन वक्ते, एक अनुकूल बोलणार, एक प्रतिकूल. विषय महिनाभर आधी कळवलेला. पाच-सात मिनिटं भाषण, पहिली घंटा, दुसरी घंटा, पुढचा स्पर्धक. या व्यासपीठाने महाराष्ट्राला कितीतरी चांगले वक्ते दिले, त्याबद्दल आदरच आहे. पण यात वाद फार थोडा होतो. तिसऱ्या क्रमांकावर बोललेल्याचा मुद्दा अठराव्या क्रमांकावरच्याने खोडला, तर तिसऱ्याला उठून उत्तर देता येत नाही. शिवाय एकाच संघातले दोघे एकमेकांच्या विरुद्ध बोलत असल्याने ते 'संघ' फक्त नोंदणीच्या अर्जावर असतात.

त्याऐवजी ब्रिटिश संसदीय पद्धत वापरून पाहा. जागतिक आंतरविद्यापीठ स्पर्धा याच पद्धतीने होते. ती १९८१मध्ये ग्लासगोला सुरू झाली आणि २०१४मध्ये चेन्नईलाही होऊन गेली. भारतातल्या इंग्रजी वादविवादाच्या वर्तुळात ही पद्धत चांगली रुळली आहे. ती मराठीत वापरायला कसलीच अडचण नाही, कारण संसदेतले आणि विधिमंडळातले शब्द आपल्या वर्तमानपत्रांनी आधीच घरोघरी पोचवलेले आहेत.

एका खोलीत चार संघ, प्रत्येकात दोघे. दोन संघ सत्ताधारी बाजूला, दोन विरोधी. पहिली सत्ताधारी जोडी म्हणजे पंतप्रधान आणि उपपंतप्रधान, पहिली विरोधी जोडी म्हणजे विरोधी पक्षनेता आणि उपनेता. त्यांच्यामागे त्याच बाजूंच्या दुसऱ्या जोड्या. त्यांत एक सदस्य आणि एक प्रतोद. भाषणं एकाआड एक होतात: पंतप्रधान, मग विरोधी पक्षनेता, आणि तसंच शेवटच्या विरोधी प्रतोदापर्यंत. प्रत्येकाला ७ मिनिटं. पहिलं आणि सातवं मिनिट वक्त्याचं स्वतःचं. मधल्या पाच मिनिटांत समोरच्या बाजूचा कोणीही उभा राहून प्रश्न विचारण्याची परवानगी मागू शकतो. याला सगळे 'पीओआय' म्हणतात. वक्त्याने तो घ्यावा किंवा हाताने बसा म्हणावं, पण सात मिनिटांत एकही घेतला नाही तर परीक्षक त्याची नोंद घेतात. विचारणाऱ्याला १५ सेकंद, त्याहून जास्त नाही.

विषय फेरीच्या १५ मिनिटं आधी जाहीर होतो. कोणती बाजू, कोणती जागा, हे सोडतीने ठरतं. वक्त्याचं खरं मत काय, हे कोणी विचारत नाही. तयारीत मोबाइल बंद, शिक्षकांची मदत नाही, जोडीने फक्त आपसात बोलायचं. पहिल्यांदा उतरणारी मुलं यालाच घाबरतात. त्यांना सांगा की पंधरा मिनिटांत सगळा विषय कळावा अशी अपेक्षा कोणाचीच नसते. दोन मुद्दे, आणि प्रत्येकाला 'हे असं का होईल' आणि 'झालं तर कोणाला फरक पडेल' या दोन प्रश्नांची उत्तरं, एवढं कागदावर उतरलं तरी सात मिनिटं पुरतात.

एक विषय घेऊन बघू. 'या सभागृहाच्या मते बैलगाडा शर्यतींवर पुन्हा बंदी घालावी.' विषयासोबत माहितीची छोटी पट्टी पडद्यावर दाखवायची, म्हणजे पुण्या-साताऱ्याच्या मुलांना फायदा आणि मुंबईच्या मुलांना तोटा होणार नाही: सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालाने शर्यती बंद झाल्या, २०१७मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१मध्ये न्यायालयाने अटींसह परवानगी दिली, मे २०२३मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. एवढंच. पट्टीत मत नको, विशेषणं नकोत.

आता पंतप्रधानाचं काम काय? बंदी नेमकी कशावर, अंमल कोण करणार, शिक्षा काय, हे पहिल्या दीड मिनिटात स्पष्ट करायचं आणि मग बैलाच्या वेदनेचा मुद्दा उभा करायचा. काठी-चाबकाला नियमात मनाई असूनही घाटात हजारोंच्या गर्दीत ती का पाळली जात नाही, हे त्याला कारणांसह सांगावं लागेल. विरोधी पक्षनेता म्हणेल की बंदीच्या काळात शर्यती चोरून होतील, तिथे ना पशुवैद्य असेल ना पोलीस. आणि खिल्लार बैल सांभाळायचं एक मोठं कारण गेलं की तो खाटकाकडे जाईल. उपपंतप्रधान आणि उपनेता यांनी ही लढत पुढे न्यायची.

इथवर पहिल्या दोन जोड्यांनी मोठे मुद्दे उचललेले असतात, आणि या पद्धतीची खरी परीक्षा आता सुरू होते. दुसऱ्या सत्ताधारी जोडीला आपल्याच बाजूच्या पहिल्या जोडीशी भांडता येत नाही, पण तिच्यापेक्षा वेगळं आणि वजनदार काही आणावं लागतं. या भरीला इंग्रजीत एक्स्टेन्शन म्हणतात आणि मराठी मुलंही तोच शब्द वापरतात. बैलगाड्याच्या विषयात ती जोडी बैलाला बाजूला ठेवून बैलमालकाकडे वळू शकते: लहान शेतकरी प्रतिष्ठेपायी काय किमतीचे बैल घेतो, त्याच्या खुराकापायी घरातल्या कोणाच्या ताटातलं कमी होतं, शर्यतीभोवती पैजांचे पैसे कसे फिरतात. दुसरी विरोधी जोडी म्हणू शकेल की गावच्या यात्रेत काय असावं हे ठरवण्याचा हक्क कोणाचा, आणि ज्या समाजाला कायद्याची भाषा परकी वाटते त्याच्यावर बंदी लादल्याने प्राण्यांविषयीची पुढची प्रत्येक सुधारणा कशी अवघड होते. दोन्ही मुद्दे नवे आहेत. पण नवेपणाला आपोआप गुण नाहीत. तो मुद्दा वादाचा निकाल फिरवतो का, हे दाखवावं लागतं.

प्रतोदांनी नवं बोलायचं नाही. विरोधी प्रतोदाने तर नाहीच, कारण त्याच्यानंतर उत्तर द्यायला कोणी उरत नाही. त्यांनी आधीच्या भाषणांतून दोन-तीन संघर्षबिंदू काढायचे आणि त्या प्रत्येकावर आपली बाजू, त्यातही आपली जोडी, का वरचढ ठरली ते मांडायचं. चांगला प्रतोद खंडन करण्याआधी समोरच्याचं म्हणणं त्याच्याहून नीट मांडतो. आपल्या शास्त्रचर्चेत पूर्वपक्षाला जो मान होता तोच इथे लागू आहे: विरोधकाचा मुद्दा मोडकातोडका करून पाडला तर काहीच सिद्ध होत नाही, आणि अनुभवी परीक्षकाच्या ते लगेच लक्षात येतं.

विषय निवडण्याचं काम मुख्य परीक्षकांच्या छोट्या गटाकडे द्या. दोघं-तिघं पुरे, त्यांतला एक तरी बाहेरच्या महाविद्यालयाचा. विषय तपासायची साधी पद्धत अशी: प्रत्येकाने एकट्याने बसून दोन्ही बाजूंचे चार-चार मुद्दे लिहायचे. एका बाजूचे चार झाले आणि दुसरीचे दोनवर अडले, तर विषय फेकून द्यायचा. शेवटी बोलणाऱ्या जोड्यांना काही उरतं का, हे त्याच कागदावर दिसतं. 'विज्ञान शाप की वरदान', 'तरुण पिढी भरकटली आहे' असे विषय इथे चालत नाहीत. त्यांत काय करायचं, कोणी करायचं, याचं काहीच ठरत नाही आणि आठही जण आपापली भाषणं करून बसतात. ज्या विषयात एखाद्या स्पर्धकाची जात, धर्म, अपंगत्व किंवा घरातलं दुःख थेट ओढलं जाईल, त्याचा दोनदा विचार करा. अवघड विषय टाळावेत असं मी म्हणत नाही. पण खोलीतल्या कोणत्याही मुलाला स्वतःच्या माणूसपणाची बाजू सोडतीत विरुद्ध आली म्हणून खोडावी लागू नये. स्पर्धेच्या काळात कोणाला अपमानास्पद वाटलं तर जाऊन सांगायला एक माणूस नेमा आणि त्याचं नाव सकाळीच सगळ्यांना कळवा.

आता आकडेमोड, म्हणजे ज्याला स्पर्धेच्या भाषेत 'टॅब' म्हणतात. संघांची संख्या चारच्या पटीत हवी. ऐनवेळी एक संघ गळला, तर स्वयंसेवकांतल्या दोघांचा बदली संघ उभा करा. त्यांना पुढे बाद फेरीत जाता येत नाही, एवढं आधी सांगून ठेवा. १६ संघ आणि पाच प्राथमिक फेऱ्या धरू. म्हणजे एका फेरीत चार खोल्या. खोलीतल्या पहिल्या संघाला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला शून्य. पहिल्या फेरीची सोडत चिठ्ठ्या टाकून. त्यानंतर सारख्या गुणांचे संघ एकमेकांसमोर आणायचे. पहिल्या फेरीअखेर तीन गुणांचे नेमके चार संघ असतात, दोन गुणांचे चार, आणि खाली तसंच; दुसऱ्या फेरीच्या खोल्या आपोआप लागतात. पुढे जरा वर-खाली सरकवावं लागतं. त्याच वेळी हेही बघायचं की प्रत्येक संघाला चारही जागा शक्यतो सारख्या मिळाव्यात. पाचही फेऱ्या पंतप्रधान म्हणून बोलायची पाळी कोणावर येऊ नये.

यासाठी टॅबीकॅट नावाची मुक्तस्रोत संगणकप्रणाली आहे, जगभरच्या स्पर्धा ती वापरतात. १६ संघांसाठी एक्सेलची शीटही चालते. काहीही वापरा, पण प्रत्येक फेरीनंतर बेरीज ताडून बघा. एका खोलीत ३, २, १, ० मिळून ६ गुण वाटले जातात. चार खोल्यांत २४. पाच फेऱ्यांत १२०. बेरीज १२१ आली तर कुठल्या तरी पत्रिकेत चूक आहे, आणि ती पुढची सोडत काढण्याआधी सापडली पाहिजे. गुण सारखे असतील तर दोन्ही वक्त्यांच्या एकूण वैयक्तिक गुणांवर क्रम लावायचा. पाच फेऱ्यांनंतर वरचे आठ संघ उपान्त्य फेरीत, दोन खोल्यांत. तिथे गुण नाहीत. प्रत्येक खोलीतून वरचे दोन अंतिम फेरीत.

परीक्षकांकडे येतो, कारण सगळं तिथेच आहे. चार खोल्या आणि प्रत्येकी तीन, म्हणजे १२ परीक्षक. इतके कुठून आणायचे? नियमच करा: ज्या महाविद्यालयाने दोन किंवा जास्त संघ पाठवले, त्याने संघांहून एक कमी इतके परीक्षक सोबत आणायचे. जुने स्पर्धक, पदव्युत्तर विद्यार्थी, वकिली शिकणारी मुलं ही सगळ्यांत चांगली परीक्षक होतात. ज्येष्ठ प्राध्यापक आणि साहित्यिक यांनाही जरूर बोलवा, पण त्यांनी आदल्या दिवशीच्या दोन तासांच्या परीक्षक वर्गाला बसलं पाहिजे. मान वयाचा ठेवावा, निर्णय मात्र पद्धत समजलेल्यानेच द्यावा. आपल्या महाविद्यालयाचा संघ, शिकवलेली मुलं, नात्यातलं कोणी असेल तर परीक्षकाने ते आधीच लेखी कळवायचं. त्या खोलीत त्याला बसवायचं नाही.

खोलीत काय घडतं ते बारकाईने सांगतो. विरोधी प्रतोद बसला की स्पर्धक बाहेर जातात. अध्यक्ष परीक्षक लगेच बोलत नाही. तिघंही आपापल्या कागदावर चार संघांचा क्रम लिहितात, न बोलता. मग कागद उघडतात. तिघांच्या मते पहिली विरोधी जोडी वरची असेल तर त्यावर दोनच मिनिटं. दुसऱ्या-तिसऱ्यावर मतभेद असेल तर वेळ तिथे घालवायचा. चार संघांत सहा जोड्या पडतात, आणि त्यांतल्या वादग्रस्त जोड्यांची थेट तुलना करायची: पहिली सत्ताधारी विरुद्ध दुसरी सत्ताधारी, कोणाच्या मुद्द्याने प्रश्न सुटण्याकडे जास्त नेलं? 'मला ती मुलगी छान वाटली' हे कारण नाही. 'शर्यती चोरून होतील हा विरोधकांचा मुद्दा उपपंतप्रधानाने घाटाच्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवून खोडला आणि पुढे कोणी त्याला उत्तर दिलं नाही,' हे कारण आहे. अशा कारणांसाठी टिपणं लागतात. म्हणून प्रत्येक परीक्षकाला आठ रकाने आखलेले मोठे कागद द्या. एकमत झालं तर उत्तम. पंधरा मिनिटांत झालं नाही तर मत घ्यायचं. तिघांनी तीन वेगळी मतं दिली तर अध्यक्षाचं मत निर्णायक.

परीक्षकाने बसायचं ते एका सुजाण, वर्तमानपत्र वाचणाऱ्या नागरिकासारखं. बैलांच्या जातींबद्दल त्याला स्वतःला पुष्कळ माहिती असली तरी कोणी न मांडलेला मुद्दा त्याने डोक्यातून आणून कोणाच्या खात्यात टाकायचा नाही. उलट, उघड खोटा दावा समोरच्याने खोडला नाही म्हणून तो खरा मानायचीही सक्ती नाही. वक्त्याला ५० ते १००मध्ये गुण द्यायचे, ७५ म्हणजे सरासरी. संघांचा क्रम आणि दोघांच्या गुणांची बेरीज यांत विसंगती चालणार नाही: दुसऱ्या आलेल्या संघाची बेरीज पहिल्यापेक्षा जास्त असता कामा नये.

आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर 'उच्चार', 'देहबोली', 'पाठांतर' असे रकाने असतात. ते काढून टाका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी वळणाने बोलणारी मुलगी 'न' आणि 'ण'मध्ये गुण गमावत असेल, तर ही स्पर्धा विचारांची उरत नाही आणि ती मुलगी पुढच्या वर्षी येत नाही. मांडणीला महत्त्व आहेच, पण ऐकणाऱ्याला पटलं का, इतपतच. पुस्तकी मराठी बोललं म्हणजे जास्त पटतं, असं कुठेही सिद्ध झालेलं नाही.

निर्णय झाला की चारही संघांना आत बोलवायचं आणि अध्यक्षाने दहा मिनिटांत सांगायचं: आधी क्रम, मग प्रत्येक संघ त्याच्या वरच्यापेक्षा खाली का. आवाज शांत, उदाहरणं त्याच वादातली. हरलेल्या जोडीला प्रश्न विचारायला वेळ द्यायचा. निकाल बदलत नाही, पण उत्तर मिळालं पाहिजे. मग तीच जोडी परीक्षकाबद्दल छोटा अर्ज भरते: कारणं समजली का, टिपणं नीट होती का. हे अर्ज मुख्य परीक्षकांनी वाचायचे आणि पुढच्या फेरीत अध्यक्ष कोण, हे त्यावरून ठरवायचं. शेवटच्या एक-दोन प्राथमिक फेऱ्यांचा निकाल मात्र बंद ठेवतात, म्हणजे बाद फेरीत कोण गेलं याची उत्कंठा टिकते. त्या खोल्यांची कारणं बाद फेरी जाहीर झाल्यावर द्यायची; ती राहून जाऊ देऊ नका.

वेळेचा हिशेब असा: तयारी १५ मिनिटं, भाषणं आणि मधली ये-जा तासभर, चर्चा १५ ते २०, कारणं १०, गुणपत्रिका टॅबकडे पोचवणं आणि पुढची सोडत १५. एक फेरी जवळजवळ दोन तासांची. दिवसाला तीन फेऱ्या निवांत होतात, चार ओढाताणीच्या. दोन दिवसांत पाच फेऱ्या, उपान्त्य आणि अंतिम बसवायची असेल तर उद्घाटन वीस मिनिटांत आवरा. प्रमुख पाहुण्यांचं भाषण अंतिम फेरीआधी ठेवा. तेव्हा सभागृह भरलेलं असतं आणि त्यांनाही वाद ऐकायला मिळतो. खोल्या लहान हव्यात, ध्वनिक्षेपक नको. प्रत्येक खोलीत एक स्वयंसेवक मोबाइलवर वेळ लावेल: पहिल्या मिनिटाला एक टाळी, सहाव्याला एक, सातव्याला दोन. पत्रिका पळवत नेणारा दुसरा. जेवण तिसऱ्या फेरीआधी, आणि परीक्षकांसाठी वेगळं राखून ठेवलेलं, कारण ते नेहमी शेवटी पोचतात.

पहिल्या वर्षी १६ संघ जमले नाहीत तर आठ घ्या. दोन खोल्या, सहा परीक्षक, एक रविवार. सकाळी साडेआठला परीक्षकांचा आणि स्पर्धकांचा एकत्र वर्ग, त्यात एक नमुना वाद सगळ्यांसमोर आणि त्याचा निकाल सगळ्यांसमोर चर्चेने. साडेदहाला पहिली फेरी, साडेबाराला जेवण, मग आणखी दोन फेऱ्या, साडेपाचला वरच्या चार संघांची अंतिम फेरी. आठच्या आत मुलं एसटीला लागतात. दुसऱ्या दिवशी पूर्ण गुणतक्ता आणि सगळे विषय प्रत्येक महाविद्यालयाला पाठवा, शेवटच्या क्रमांकाच्या संघासकट सगळ्यांचे गुण दाखवून. आणि ज्या स्पर्धकांनी नेमके प्रश्न विचारले त्यांची नावं टिपून ठेवा. पुढच्या वर्षीचे परीक्षक त्यांच्यातूनच निवडायचे आहेत.